घाव पेशीपटलावर

2008 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला एक अहवाल मला आजही अस्वस्थ करतो. ब्रिटनमध्ये 2000 साली अल्झायमरच्या काही रुग्णांना एक प्रायोगिक लस टोचायला सुरुवात झाली. मेंदूत साचलेलं अमायलॉइड हे प्रथिन शरीराच्याच प्रतिकारशक्तीने साफ करावं, असा तिचा हेतू. पुढे त्यांच्यातल्या आठ जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा काहींच्या मेंदूतले साठे जवळजवळ पुसले गेलेले आढळले. लसीने नेमून दिलेलं काम चोख केलं होतं. तरीही आठांपैकी सात जण तीव्र स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या अवस्थेतच गेले आणि ज्यांचा मेंदू साफ झाला होता, तेही त्यांच्यातच होते.

साठे गेले आणि रोग राहिला, याचा अर्थ लावायचा तर मागे जावं लागतं. अमायलॉइडचा शोध पहिल्यापासून रंगाच्या मागे चालत आला. 1854 मध्ये रुडॉल्फ फिरखोव यांनी आयोडीनने रंगणारा हा पदार्थ पिष्टाच्या जातीचा मानला. पाच वर्षांतच तो प्रथिनांचा असल्याचं सिद्ध झालं. 1906 मध्ये आलोइस अल्झायमर यांनी आपल्या रुग्णाच्या मेंदूतले साठे दाखवले, तेही चांदीच्या क्षारांनी रंगवून. 1984 मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी या प्रथिनाच्या तुकड्याची ओळख पटवली. तोच आज बीटा-अमायलॉइड म्हणून ओळखला जातो. 1992 मध्ये हार्डी आणि हिगिन्स यांनी मांडणी केली, की हे अमायलॉइड साचणं हीच रोगाची सुरुवात, बाकीचा विध्वंस त्याच्या मागोमाग येतो. या मांडणीला जनुकांचा भक्कम आधार होता आणि आहे. पण साचलेल्या प्रथिनाच्या कोणत्या रूपाने पेशी मरते, हा प्रश्न तिने मोकळाच ठेवला. आणि बहुतेकांची नजर गेली ती डोळ्यांना दिसणाऱ्या साठ्यांकडे. ज्यांची स्मरणशक्ती अखेरपर्यंत शाबूत होती, अशा कित्येक वृद्धांच्या मेंदूतही हे साठे सापडत होते. ही विसंगती फार काळ अपवाद म्हणून बाजूला ठेवली गेली.

याच सुमारास काही संशोधक दुसऱ्याच जागी पाहत होते. पेशीला वेढणारं पटल म्हणजे मेदरेणूंचे दोन थर, जाडी जेमतेम पाच नॅनोमीटर. पटलाबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं आणि पेशी हा फरक सतत ऊर्जा खर्चून टिकवते. चेतापेशीचे अनेक संदेश या फरकावर उभे असतात. 1993 मध्ये आरिस्पे, रोहास आणि पोलार्ड यांनी प्रयोगशाळेत बनवलेल्या मेदपटलात बीटा-अमायलॉइड सोडलं, आणि त्या पटलातून कॅल्शियमचा विद्युतप्रवाह वाहू लागला. पेशीत असं झालं तर नको ती विकरं जागी होतात, ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया कोलमडतात, चेतापेशींमधले सांधे निकामी होतात.

खरा धक्का 2002 मध्ये बसला. फ्लॉरेन्स आणि केंब्रिजच्या गटांनी मुद्दाम अशी दोन प्रथिनं निवडली, ज्यांचा कोणत्याही अमायलॉइड रोगाशी संबंध नव्हता. एक जिवाणूचं, एक गाईचं. त्यांची घडी बिघडवून त्यांना गोळा होऊ दिलं. त्यातून बनलेल्या पूर्ण वाढीच्या तंतूंनी पेशींना फारसा उपद्रव दिला नाही, पण सुरुवातीच्या छोट्या पुंजक्यांनी पेशी मारल्या. पुढच्याच वर्षी कायेद, ग्लेब आणि सहकाऱ्यांनी एक प्रतिपिंड तयार केलं, जे वेगवेगळ्या प्रथिनांच्या छोट्या पुंजक्यांना चिकटत होतं, पण त्यांच्या तंतूंना नाही. विष प्रथिनाच्या नावात नसून पुंजक्याच्या घडणीत असावं, असं यातून दिसू लागलं. घडण सारखी असेल तर घावाची जागाही सारखी असणार, आणि प्रत्येक पेशीला पटल असतंच.

इथे नव्या मोहाची सुरुवात झाली. त्याच सुमारास सूक्ष्मदर्शकात काही पुंजके कड्यासारखे दिसले आणि ‘पटलाला पडलेलं भोक’ हे चित्र रूढ झालं. दिसणाऱ्या गोष्टीला कारण समजण्याची ही दुसरी वेळ होती, असं मला वाटतं. 2004 मध्ये कायेद आणि ग्लेब यांच्याच गटाला आढळलं, की भोक न पडताही पुंजक्यांमुळे पटलातून वीज गळू शकते. टाइप 2 मधुमेहात स्वादुपिंडात साचणाऱ्या अमिलिनच्या प्रयोगांत तर नेदरलँड्समधल्या संशोधकांना पटलावर तंतू वाढत असतानाच इजा होताना दिसली. शिवाय पटलही निमूट मार खाणारं नाही. चेतापेशींच्या पटलातला जीएम-1 नावाचा मेदरेणू बीटा-अमायलॉइडला धरून ठेवतो आणि त्याच्या गोळा होण्याला चालना देतो, असं यानागिसावा यांनी 1995 मध्येच दाखवलं होतं. म्हणून ‘गुन्हेगार पुंजका की तंतू’ हा वाद मला अपुरा वाटतो. इजा होते ती पटलापाशी गोळा होण्याच्या क्रियेत.

उलट बाजूचा पुरावाही महत्त्वाचा आहे. पुढे आयआयटी मुंबईत प्रयोगशाळा उभारणारे समीर माजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं, की पियुषिका ग्रंथी काही संप्रेरकं अमायलॉइडच्याच रूपात पटलाच्या पिशव्यांत साठवते आणि हवी तेव्हा मोकळी करते. शरीर स्वतः ज्याचा सांभाळून वापर करतं, त्याला सरसकट विष कसं म्हणायचं?

2006 मध्ये गाजलेला, बीटा-अमायलॉइडच्या एका विशिष्ट पुंजक्यावरचा शोधनिबंध 2024 मध्ये प्रतिमांमधल्या फेरफारामुळे मागे घेतला गेला. तेवढ्यावरून छोटे पुंजके घातक असतात ही सगळी कल्पनाच खोटी ठरवणं अन्यायाचं आहे. ती अनेक स्वतंत्र प्रयोगशाळांच्या कामावर उभी आहे.

उपचारांकडे पाहिलं, तर लेकॅनेमॅब हे 2023 मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी मान्य झालेलं औषध पूर्ण तंतू बनण्याआधीच्या रूपांना अधिक पकडतं. अठरा महिन्यांच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग 27 टक्क्यांनी कमी केला. काही रुग्णांच्या मेंदूत सूज आणि रक्तस्रावही झाला. शार्कमध्ये सापडणाऱ्या स्क्वालामाइन या संयुगाने पार्किन्सनशी निगडित प्रथिनाला पटलावरून हटवल्याचं 2017 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. पेशीपटलालाच या घावापासून वाचवणारं, अल्झायमरसाठी मान्यता मिळालेलं औषध मात्र अजून एकही नाही.