आधी कान, मग जीभ

परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकून निघालेला एक तरुण जवळच्या गावात शेतकऱ्यांना बोंडअळीबद्दल सांगायला गेला. ‘एकात्मिक कीड व्यवस्थापना’वर तो तासभर बोलला. माणसं माना डोलावून उठली आणि फवारणी पहिल्यासारखीच करत राहिली.

“गुरुजी, या लोकांना ऐकायचंच नाही,” तो पारावर बसलेल्या निवृत्त गुरुजींना म्हणाला.

गुरुजींनी त्याला एक गोष्ट सांगितली. “विल्यम केरी नावाचा इंग्रज पाद्री होता, मूळचा जोडे शिवणारा. १७९३ मध्ये तो बंगालात आला. वैद्यनाथ पंडितांपुढं बसून मराठी शिकला. १८०५ मध्ये त्यानं मराठीचं व्याकरण छापलं आणि १८११ मध्ये बायबलचा नवा करार मराठीत आणला. पण हे सगळं झालं बंगालात. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल हा अमेरिकन पाद्री मुंबईला आला. केरीचं भाषांतर असतानाही त्यानं आणि त्याच्या सॅम्युएल न्यूएल या सहकाऱ्यानं नव्यानं काम मांडलं. हॉल रस्त्यात, बाजारात, देवळांपाशी माणसांशी बोलायचा, ऐकायचा. न्यूएल १८२१ मध्ये पटकीनं गेला. हॉलही १८२६ मध्ये पटकीनंच गेला. त्यांचा मराठी नवा करार छापून निघाला तो त्याच वर्षी.”

“म्हणजे केरी चुकला?”

“छे! त्यानं पाया घातला. पण पंडिताकडून घेतलेली भाषा बाजारात पारखायची राहिली होती. तुझी विद्याही खरीच आहे, फक्त ती अजून शिवारात गेलेली नाही.”

दुसऱ्या दिवशी तरुण पत्रकं घरी ठेवून शेतात गेला. फवारणाऱ्याला विचारलं, “औषध किती घेता?”

“दुकानदार सांगतो तसं. पंपाला दोन टोपणं.”

पत्रकात लिहिलं होतं, लिटरला इतके मिलिलिटर! तरुणानं टोपण मोजून पाहिलं, पंपाचं पाणी मोजलं आणि सगळा हिशेब टोपणांत मांडला. कोणतं औषध कधी मारायचं नाही, हेही बायाबापड्यांशी बोलून सोपं करून लिहिलं. पुढच्या बैठकीत तो थोडंच बोलला. प्रश्न मात्र दिवेलागणीपर्यंत संपले नाहीत.

तात्पर्य : जो आधी लोकांचं ऐकतो, त्याचंच लोक ऐकतात.