वस्तूंचा खरेपणा

गेल्या चातुर्मासांत आमच्या घरचा मिक्सर बंद पडला. तो घेऊन पुरीं तीन वर्षेंही झालीं नव्हतीं. दुरुस्तीच्या दुकानीं नेला, तेव्हां तेथील वृद्ध कारागिरानें तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, मोटर ठणठणीत आहे. नुसता कपलर गेला आहे. पण ह्यांत तो बुडाच्या तुकड्याशीं एकजीव करून ठेवला आहे, सुटा भाग येतच नाहीं. दुरुस्तीला जे पडतील त्यांत थोडी भर घातली तर नवा येईल." हें सांगतांना तो बिचारा ओशाळला होता. वास्तविक ओशाळावयास हवें होतें तें दुसऱ्याच कोणीं. त्याच्या दुकानांत भिंतीला लागून तीस-चाळीस वर्षांपूर्वींचीं दोन-चार यंत्रें ओळीनें मांडलेलीं होतीं, आणि तीं सर्व दुरुस्त होऊन दिवाळीच्या आधीं ज्याच्या त्याच्या घरीं जावयाचीं होतीं.

त्या संध्याकाळीं आमच्या बैठकींत ह्या विषयावर जो वाद माजला, तसा तो पुष्कळ घरांतून माजत असेल. आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांचें म्हणणें असें पडलें कीं, पूर्वींच्या वस्तु पिढ्यान्‌पिढ्या टिकत. हल्लींचें सारें पोकळ, दिखाऊ, दोन दिवसांचें. त्यावर घरांतील एक तरुण पदवीधर म्हणाला, "काका, शंभर घड्याळांपैकीं नव्याण्णव भंगारांत गेलीं आणि एक भिंतीवर राहिलें. तुम्ही त्या एकाकडे बोट दाखवितां आणि नव्याण्णवांना विसरतां. तुमच्या काळीं टेलिफोनसाठीं वर्षानुवर्षें नांव नोंदवून बसावें लागे, आणि मिळाला तर तो पावसाळाभर मुका राही." हें उत्तर थोडें उद्धट असलें तरी खोटें नाहीं. आजचा एलईडी दिवा जुन्या तारेच्या दिव्याच्या मानानें फारच थोडी वीज घेतो आणि कितीतरी पट अधिक टिकतो. जुन्या पितळी भांड्यांचें कौतुक करणारांनीं कल्हई उडालेल्या पातेल्यांत कळकलेली आमटी विसरूं नये. तेव्हां "जुनें तें सोनें" ह्या वचनाची मदत आम्ही प्रारंभींच सोडून देतों.

वस्तु पूर्वीं चांगल्या होत्या कीं आतां, हा इतिहासाचा विषय झाला. आम्हांस पडलेला प्रश्न निराळा आहे. वस्तु चांगली करतां येत असून ती जाणूनबुजून कमी चांगली करणें, ह्यास व्यवहार म्हणावयाचें कीं अनीति?

ह्या प्रश्नाचें सर्वांत बोलकें उदाहरण दिव्याचेंच आहे. १९२४ च्या डिसेंबरांत जगांतील प्रमुख दिवे-उत्पादकांनीं जिनीव्हा येथें एक संघ स्थापिला. त्यांत जर्मनीची ओसराम होती, हॉलंडची फिलिप्स होती, आणखीही कित्येक होते. ग्रीकांच्या अपोलो देवाच्या एका तेजस्वी नांवावरून त्यास 'फीबस' असें नांव दिलें. अंधाऱ्या कामास उजेडाचें नांव देण्याची रीति केवळ आमच्याकडेच आहे असें नाहीं. बाजार वांटून घेणें व किंमती सांभाळणें हे तर अशा संघांचे नेहमींचेच उद्योग. परंतु ह्या संघानें आणखी एक नियम केला, तो असा कीं, घरगुती दिवा सरासरी एक हजार तासच जळावा. त्यापूर्वीं दीड-दोन हजार तास जळणारे दिवे बाजारांत होते. निरनिराळ्या कारखान्यांचे नमुने स्वित्झर्लंडमधील प्रयोगशाळेंत जाळून पाहिले जात, आणि ज्याचा दिवा ठरलेल्या मर्यादेपलीकडे जळे त्या कारखान्यास दंड होई. दिव्याचें आयुष्य नेमक्या त्या हजारावर आणून बसविण्यासाठीं मोठमोठ्या इंजिनिअरांनीं वर्षेंच्या वर्षें डोकें शिणविलें. दुसऱ्या महायुद्धानें तो संघ मोडला. हजार तासांचा प्रघात मात्र त्यानंतरही राहिला.

एवढ्यावर निकाल देणें सोपें आहे. पण दुसरी बाजू ऐकावयास हवी, आणि ती पोकळ नाहीं. टंगस्टनची तार जितकी अधिक तापवावी तितका उजेड शुभ्र पडतो व तेवढ्याच विजेंत अधिक मिळतो. पण तितकीच ती लवकर झिजून तुटते. तार मंद तापविली तर दिवा दीर्घायुषी होतो, परंतु उजेड पिवळा, आणि त्या मानानें विजेचा खर्च मोठा. कॅलिफोर्नियांत लिव्हरमोर गांवच्या अग्निशामक केंद्रांत १९०१ सालीं लावलेला एक दिवा शंभराहून अधिक वर्षें जळत राहिल्याबद्दल प्रसिद्ध आहे. त्याचें चित्र पाहून लोक हळहळतात. पण त्याची शक्ति अवघी चार वॅटच्या सुमाराची. त्याच्याखालीं बसून वर्तमानपत्र वाचतां यावयाचें नाहीं. १९५१ सालीं ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगानेंही सर्व प्रयोजनांस सारखें लागू पडेल असें एकच आयुर्मान नसून हजार तास ही वाजवी तडजोड आहे, असाच अभिप्राय दिला.

मग दोष कोठें राहिला? आमच्या मतें तो त्या हजाराच्या आंकड्यांत नाहीं, दंडांत आहे, आणि दंडाविषयीं बाळगलेल्या मौनांत आहे. हजार तास खरोखरच ग्राहकाच्या हिताचे असते, तर दुकानांत दोन दिवे शेजारीं शेजारीं ठेवतां आले असते: एक उजळ व हजार तासांचा, दुसरा मंद व दोन हजारांचा. घरच्या माणसांनीं आपला जिना, आपलें देवघर, मुलांच्या अभ्यासाचें मेज पाहून निवड केली असती. ती निवड जिनीव्हांत कोणीतरी परभारें करून टाकली. आणि दुसरी गोष्ट आम्हांस ह्याहूनही वाईट वाटते. ज्या कारखान्यांत ठरल्यापेक्षां सरस दिवा होणें हा अपराध ठरतो, त्या कारखान्यांतल्या कामगाराच्या मनाची काय अवस्था होत असेल? काल केलें त्याहून आज बरें काम करावें, ह्या एका इच्छेवर सगळी कारागिरी उभी आहे. त्या इच्छेचीच ज्याला भीति वाटूं लागते, त्याचा पगार कितीही वाढवा, त्याचें कांहींतरी हिरावून घेतलेलेंच असतें.

ह्याच मापानें अलीकडच्या गोष्टी मोजून पाहाव्या. २०१७ च्या डिसेंबरांत ॲपल कंपनीनें कबूल केलें कीं, बॅटरी जुनी झालेल्या कांहीं आयफोनांचा वेग तिच्या सॉफ्टवेअरनें कमी केला जातो. कारणही दिलें: क्षीण बॅटरीवर एकदम भार आला तर फोन अकस्मात् बंद पडतो, तें टाळावयाचें. कारण खरें असेल. आम्ही तें नाकारीत नाहीं. परंतु दुखणें बॅटरीचें आहे हें ज्यांना कोणीं सांगितलें नाहीं, त्यांनीं थोडक्यांत बॅटरी बदलण्याऐवजीं नवा फोन घेतला तर तो दोष त्यांचा कसा म्हणावा? फ्रान्सच्या ग्राहकसंरक्षण खात्यानें २०२० सालीं कंपनीस अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो ग्राहकांस ही गोष्ट कळविली नाहीं एवढ्याचसाठीं. दोष नेमका कोठें आहे हें त्या खात्यानें बरोबर ओळखलें.

सॉफ्टवेअरच्या बाबतींत ही अडचण विशेष बिकट होते. सुतारानें पाट विकला कीं त्याचा हात पाटावरून निघतो. पुढें पाट तुमचा. येथें विकणाऱ्याचा हात विकल्यानंतरही वस्तूवर राहतो. २००९ च्या जुलैंत ॲमेझॉननें ग्राहकांनीं विकत घेतलेलीं दोन पुस्तकें त्यांच्या वाचनयंत्रांतून परस्पर काढून घेतलीं. ज्यानें तीं विक्रीस ठेविलीं त्यास तो हक्क नव्हता, असें कारण होतें. पैसे परत दिले, पुढें क्षमाही मागितली. पुस्तकें होतीं जॉर्ज ऑर्वेलचीं, आणि त्यांतलें एक '१९८४'. एखाद्या नाटककारानें हा योग जुळविला असता तर आम्हीं त्यास अतिशयोक्तीचा दोष दिला असता. ह्या सगळ्या प्रकारास कोरी डॉक्टोरो ह्या लेखकानें २०२२ सालीं एक इंग्रजी शब्द घडविला. तो इतका ग्राम्य आहे कीं, त्याचें मराठी रूप ह्या मासिकांत छापण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. पण त्यांतील निरीक्षण मार्मिक आहे. आधीं वापरणाऱ्यांना लळा लावावयाचा, मग त्यांना तेथें आलेल्या व्यापाऱ्यांच्या स्वाधीन करावयाचें, आणि दोघेही सुटूं शकत नाहींत असें झालें म्हणजे दोघांचाही रस काढावयाचा.

येथवर आम्हीं विकणाऱ्यांचा पंचनामा केला. घेणारांचा करावयास धैर्य लागतें, कारण त्यांत आम्हीही येतों. १९७० सालीं जॉर्ज अकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञानें जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढें २००१ सालीं नोबेल स्मृति-पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्याचें नांव आलें. त्याचें म्हणणें सोपें आहे. वस्तूचा गुण विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाहीं, अशी स्थिति असली म्हणजे घेणारा भीतीनें मध्यम भाव देतो. त्या भावांत चांगली वस्तु देणें परवडत नाहीं, म्हणून ती बाजारांतून उठते. ती उठली कीं मध्यमाची पातळी आणखी खालीं येते. म्हणजे येथें कोणींही दुष्ट असण्याची गरज नाहीं. अज्ञान आणि घासाघीस एवढीं दोन पुरेशीं होतात.

आमच्या लहानपणीं कल्हईवाला वाड्याच्या चौकांत भाता मांडून बसे. तापलेल्या पातेल्यांत नवसागराची चिमूट पडली कीं पांढरा धूर उठे, आणि कापसाच्या बोळ्यानें कथील फिरवितांच भांडें आरशासारखें होई. लबाडी त्या धंद्यांतही होती. कथलांत स्वस्त शिसें मिसळणारे कल्हईवाले होतेच. परंतु कांहीं महिन्यांनीं त्याला त्याच चौकांत यावयाचें असे, आणि तेथें आजी तें पातेलें घेऊन उभी असे. मिक्सर बनविणारा तिच्यासमोर कधींच येत नाहीं. येतो तो दुरुस्तीवाला, आणि ओशाळतोही तोच.

ह्या अज्ञानाचा भुर्दंड सर्वांस सारखा बसत नाहीं, हें मात्र बैठकींतल्या वादांत कोणाच्याच लक्षांत आलें नव्हतें. आमच्याकडे कामास येणाऱ्या मावशींनीं एका पावसाळ्यांत मुलासाठीं चपलांचे तीन जोड घेतले, प्रत्येक स्वस्त आणि प्रत्येक महिन्या-दीड महिन्यांत तुटलेला. टांके घालून, तळ बदलून वर्षानुवर्षें चालेल असा एकच जोड घ्यावा, हें त्यांना समजत नाहीं असें थोडेंच आहे? तेवढे पैसे एका वेळीं हातांत नसतात. आम्हांस तकलादू वस्तु मनस्ताप देते. त्यांना ती महिन्याच्या जमाखर्चांत खड्डा पाडते.

फ्रान्समध्यें २०२१ सालीं फोन, धुलाईयंत्रें अशा कांहीं वस्तूंवर, त्या दुरुस्तीस कितपत सुलभ आहेत ह्याचे दहापैकीं गुण दाखविणें सक्तीचें झालें. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ च्या जुलैंत 'दुरुस्तीच्या हक्का'वर एक समिति नेमली. अशा गोष्टींनीं सगळें सुधारेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण विकणाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट घेणाऱ्यालाही आधीं कळावी, एवढें तरी त्यांनीं साधेल.

मिक्सर अखेर नवा घ्यावाच लागला. दुकानांत आम्हीं विचारलें, "ह्याचा कपलर सुटा मिळतो का, आणि किती वर्षें मिळेल?" विक्रेता मुलगा क्षणभर पाहतच राहिला. त्यानें आंत जाऊन मालकांस विचारलें. मालकांनीं वितरकास फोन लावला. तिकडूनही लवकर उत्तर येईना. चौथ्या दुकानांत जुन्या घडणीचें एक यंत्र मिळालें, जड, राखाडी रंगाचें आणि दीडपट किंमतीचें. घरांत तें कोणाच्याच पसंतीस उतरलें नाहीं. तो तरुण पदवीधर मात्र म्हणाला, "कपलरचें तुम्हीं मागच्याच वेळीं विचारलें असतें तर?" मागच्या वेळीं आम्हीं विचारलें होतें तें एवढेंच, कीं लाल रंगांत आहे का, आणि दोनशें रुपये कमी होतील का.