पार कोणाचा?

कोणत्याहि समाजाच्या नीतीची परीक्षा तो काय बोलूं देत नाहीं यावरून करण्याची आपणांस संवय झाली आहे. अमुक नाटक बंद पडलें, अमुक पुस्तक जप्त झालें, अमुक चित्रपटांतील प्रसंग कापला गेला, कीं लागलीच दोन पक्ष उभे राहतात. एक स्वातंत्र्याचा कैवार घेतो, दुसरा मर्यादेचा. हा वाद जुना आहे आणि आवश्यकहि आहे. परंतु ज्याला बोलावयास जागाच मिळाली नाहीं त्याच्या मुकेपणाची नोंद या वादांत कोठेंच होत नाहीं. बंदी घातलेल्या शब्दामागें निदान एक हुकूम तरी राहतो. उच्चारलाच न गेलेल्या शब्दाचा कागदहि होत नाहीं. या दुसऱ्या प्रकारच्या मुकेपणाची जबाबदारी कोणावर, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. आणि तो मला एखाद्या ग्रंथानें नव्हे, तर केबलच्या एका तारेनें घातला.

सुमारें पंधरा वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या गारगोटीपासून डोंगराच्या बाजूस असलेल्या एका गांवांत एका तरुणानें घराच्या माडीवर डिश बसवून गांवभर तारा नेल्या होत्या. मुंबई-दिल्लीच्या वाहिन्यांबरोबर त्याची स्वतःचीहि एक वाहिनी चाले. तिच्यावर शाळेचें स्नेहसंमेलन दिसे, यात्रेची पालखी दिसे, निधनाच्या बातम्या येत, आणि वीज केव्हां जाणार तेंहि पडद्याच्या तळाशीं सरकत जाई. माझ्या एका विद्यार्थिनीनें त्या गांवच्या वरच्या वाडींतील बायकांचें अर्ध्या तासाचें चित्रण केलें. उन्हाळ्यांत त्या वाडीला पाणी चौथ्या दिवशीं येई. त्या बायकांनीं कोणास शिवी दिली नव्हती, कोणाचें नांव घेतलें नव्हतें. पाणी केव्हां येतें, किती येतें आणि तोंवर काय करावें लागतें, एवढेंच त्यांनीं सांगितलें होतें. रविवारीं संध्याकाळीं तें दाखवावयाचें ठरलें. त्या वेळीं पडद्यावर एक जुना चित्रपट लागला.

दुसऱ्या दिवशीं मीं त्या तरुणास विचारलें. तो ओशाळून म्हणाला, “सर, दाखवू नको असं कुणीच म्हटलं नाही. दुपारी नुसती विचारणा झाली, आज काय दाखवणार म्हणून. तार माझी आहे सर, पण खांब माझे नाहीत.” माझी विद्यार्थिनी शेजारींच उभी होती. ती म्हणाली, “सर, मग आता अर्ज कुठं करायचा?” मला उत्तर देतां आलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर त्यानंतर मींहि ती गोष्ट पुढें नेली नाहीं. या लेखास थोडेंसें प्रायश्चित्ताचें स्वरूप आहे, तें यामुळें.

आतां या तारेवर देखरेख कोणाची, तें पाहूं. केबल दूरचित्रवाणीसंबंधीं मध्यवर्ती सरकारचा कायदा १९९५ सालचा. केबलवाल्यानें आपली नोंदणी मुख्य डाकघरांत करावी, अशी व्यवस्था पुष्कळ वर्षें होती. २०२५ च्या जानेवारीपासून ती नोंदणी थेट दिल्लीच्या मंत्रालयाकडे गेली आहे. कायदा मोडणाऱ्याचीं यंत्रें जप्त करण्याचा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत व पोलीस आयुक्त यांजकडे आहे. २००८ सालच्या एका आदेशानें जिल्हा देखरेख समितीची रचना ठरविण्यांत आली. तींत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा माहिती अधिकारी, एखाद्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या, समाजकार्य करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधि व कांहीं विद्वान् असावेत असें आहे. ग्रामपंचायतीचा मनुष्य त्या यादींत नाहीं. स्थानिक वाहिनीवरील बातमी समतोल आहे कीं नाहीं, तिनें एखाद्या जमातीच्या भावना भडकतील कीं काय, हें या समितीनें पाहावयाचें. पुढें २०२१ सालीं वाहिन्यांविरुद्धच्या तक्रारींसाठीं तीन पायऱ्यांची व्यवस्था झाली. त्यांतील पहिल्या पायरीवर वाहिनीनें पंधरा दिवसांत उत्तर द्यावयाचें आहे.

ही सर्व व्यवस्था निरुपयोगी आहे, असें मी म्हणत नाहीं. एक विषारी चित्र एका रात्रींत घरोघर पोंचूं शकतें, तेथें कोणीतरी जागें असलेंच पाहिजे. परंतु वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हे सर्व अधिकारी, या सर्व पायऱ्या, जें दाखविलें गेलें त्यासंबंधीं आहेत. जें दाखवावयास हवें होतें आणि दाखविलें गेलें नाहीं, त्याची दाद घेणारा एकहि अधिकारी त्यांत नाहीं. १८७६ सालच्या नाट्यप्रयोगांच्या कायद्यानेंहि सरकारच्या हातीं मनाईचाच अधिकार दिला होता, आणि १९१० सालीं ‘कीचकवध’ बंद पडलें तें सर्वांस ठाऊक आहे. राज्य बदललें, रंगभूमीच्या जागीं पडदा आला, तथापि देखरेख म्हणजे मनाई ही समजूत मात्र तशीच राहिली. शेताला कुंपण हवें हें खरें. पण कुंपण घालणें म्हणजे पेरणें नव्हे.

या ठिकाणीं हक्काचा मूळ प्रश्न उभा राहतो. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें क्रिकेटच्या प्रक्षेपणासंबंधींच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, आकाशांतील ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या निर्णयाच्या लेखकांत न्यायमूर्ति पी. बी. सावंत होते. आकाश जर सर्वांचें, तर ज्या गल्लींतून आणि ज्या रस्त्याच्या कडेनें ही तार जाते ती जागा सर्वांची आहे, हें सांगावयास न्यायालयहि नको. २०११ सालच्या दुरुस्तीनें केबलवाल्यास सार्वजनिक संस्थांच्या जागेंतून तारा नेण्याची व खांब उभे करण्याची परवानगी मागतां येते. म्हणजे गांवानें वाट द्यावयाची, पण त्या वाटेनें गांवाचें कांहीं यावें-जावें असें मागण्याचा अधिकार त्याला नाहीं. राज्यघटनेच्या अकराव्या परिशिष्टांत पंचायतींसाठीं एकोणतीस विषय सांगितले आहेत. त्यांत ग्रंथालयें आहेत, प्रौढशिक्षण आहे, सांस्कृतिक कार्यहि आहे. परंतु प्रक्षेपण हा विषय केंद्राच्या यादींत आहे, आणि तेथून तो गांवापर्यंत उतरलेला नाहीं.

अमेरिकेनें या बाबतींत निराळी वाट धरली. तेथें तारेस रस्ता देणें नगराच्या हातीं होतें, म्हणून नगरानें मोबदला मागितला. १९८४ च्या कायद्यानें नगरास उत्पन्नाच्या पांच टक्क्यांपर्यंत शुल्क घेतां येई, आणि त्याशिवाय कांहीं वाहिन्या नागरिकांसाठीं, शाळांसाठीं व नगरसंस्थेसाठीं राखून ठेवण्याची अट घालतां येई. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, अशा वाहिनीवर नागरिक काय बोलतो यांत केबलवाल्यानें हात घालूं नये, असें तो कायदा सांगतो. त्या वाहिन्यांवर पुष्कळ पोरकटपणा झाला आणि पुष्कळ खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तथापि नगरानें जागा द्यावी व जीभ मोकळी ठेवावी, हें तत्त्व त्यामुळें खोटें ठरत नाहीं.

असें कांहीं आपल्या मातींत रुजणार नाहीं, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर आपल्याच मुलखांतलें आहे. १९५६ सालीं पुण्याच्या आकाशवाणी केंद्रानें मराठी मुलखांतील दीडशें गांवांत शेतकऱ्यांचीं श्रोतामंडळें बसविलीं. आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. तो ऐकून मंडळी तेथेंच चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न पुण्यास जाऊन पुढच्या कार्यक्रमांत त्यांचीं उत्तरें येत. वीस कार्यक्रमांचाच तो प्रयोग. पण ऐकणारा मनुष्य बोलणाराहि होऊं शकतो हें त्यानें दाखविलें. नंतर मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरदर्शन आलें, १९९० नंतर उपग्रहाच्या वाहिन्या आल्या. पडदे वाढत गेले, पण प्रश्न विचारून उत्तर मिळविण्याची ती सोय मात्र मागें पडली.

माडीवरील डिशचे दिवसहि आतां गेले. ३१ मार्च २०१७ ही खेड्यापाड्यांतील केबल डिजिटल करण्याची अखेरची मुदत होती. त्यानंतर चित्रें शहरांतील मोठ्या केंद्रांतून येऊं लागलीं, आणि आमचा तो तरुण घरोघर पेट्या बसविणारा व महिन्याचे पैसे गोळा करणारा झाला. ३० नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनीं मोठ्या केबलचालकांस स्वतःच्या स्थानिक वाहिन्या चालवितां येतात. दर वाहिनीस एक हजार रुपये नोंदणी, आणि अशा वाहिन्या एकूण संख्येच्या पांच टक्क्यांहून अधिक नसाव्यात, असें बंधन आहे. यांत हिशेब नीट आहे. परंतु बोलण्याचा हक्क वाहिनी चालविणाऱ्याचा आहे, वाडींतील बाईचा नाहीं.

मग ही देखरेख ग्रामपंचायतीच्या हातीं द्यावी काय? ज्यानें गांवचें राजकारण जवळून पाहिलें आहे तो असें बेधडक म्हणणार नाहीं. दूरच्या अधिकाऱ्याची मनाई निदान आंधळी असते. जवळच्या गटाची मनाई डोळस असते, आणि म्हणून अधिक बोंचते. माझ्या गोष्टींतील ती दुपारची विचारणा काय दिल्लीहून आली होती? तेव्हां वाणीवरचा ताबा सरपंचास देणें म्हणजे एका कुलपाच्या जागीं दुसरें कुलूप लावणें होय.

येथें मला गांवच्या पाराची आठवण होते. पार झाडून स्वच्छ ठेवणें, त्याचे दगड ढांसळले तर बसविणें, हें गांवाचें काम. पण पारावर बसून कोणीं काय बोलावें हें कोणी ठरवीत नाहीं. तारेवरील वाणीसंबंधीं पंचायतीचा अधिकार असा पारापुरता असावा, असें माझें मत आहे. मात्र पाराचें गुणगान करतांना एक कटु सत्य विसरतां येत नाहीं. तो पार मोकळा होता तो कोणाला? बायका त्याला वळसा घालून जात, आणि अस्पृश्य मानलेल्यांस त्याची पायरीहि वर्ज्य होती. नुसती मोकळीक ही बळकटाचीच मोकळीक ठरते. १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत बोले यांचा ठराव मंजूर झाला, १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनें आपलें तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला. तरीहि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी पाणी प्याले तोंवर चवदार तळें बंदच होतें. स्थानिक संस्थेचा ठराव आणि प्रत्यक्ष ओंजळींतलें पाणी यांत केवढें अंतर असतें, हें महाराष्ट्रास याहून अधिक कोणीं शिकवावें?

म्हणून देखरेखीचें खरें काम माझ्या मतें दुबळ्याची पाळी राखणें हें आहे. आमच्याकडे पाण्याच्या पाळ्या असतात; दहा गुंठेवाल्याची पाळी आली कीं पाटाचें पाणी त्याच्या शेतांत वळतें, मग वरच्या अंगास कोणाचेंहि शिवार असो. वाणीलाहि अशी पाळी लावतां येईल. आठवड्यांतील कांहीं तास गांवासाठीं राखलेले असावेत. ते अर्जाच्या क्रमानें मिळावेत. बोलणाऱ्यानें आपल्या नांवानें बोलावें व बोलल्याचा जबाब कायद्यापुढें नंतर द्यावा, आधीं कोणास दाखवून परवानगी घ्यावी लागूं नये. बायकांच्या सभेवांचून ग्रामसभा होऊं नये, असें आपल्या पंचायत कायद्यानें मानलें आहे; सर्वांस खुली असलेली सभा सर्वांची होतेच असें नाहीं, हें त्यांत गृहीत आहे. तेंच शहाणपण येथेंहि चालावें. आणि एक वही असावी: कोणीं वेळ मागितली, केव्हां मागितली, मिळाली कीं नाहीं, न मिळाल्यास कां. ती वही प्रत्येक ग्रामसभेंत मोठ्यानें वाचली जावी. न बोललेल्या शब्दाचा कागद होत नाहीं, असें मीं आरंभीं म्हटलें. तो कागद करणें एवढेंच हें काम आहे.

आतां कोणी विचारील कीं, प्रत्येकाच्या हातांत मोबाइल असतां केबलच्या तारेची चिंता कशास? आज ती वाडींतील बाई स्वतःच चित्रण करून जगापुढें ठेवूं शकते. हें खरें आहे, आणि त्याबद्दल मला आनंदच आहे. परंतु तिला जग नको होतें, तिला आपलें गांव हवें होतें. पाण्याचा कोंक ज्याच्या हातीं आहे त्यानें, आणि ज्याच्या घरीं रोज पाणी येतें त्या शेजाऱ्यानें, एकाच संध्याकाळीं तें पाहावें असें तिचें म्हणणें होतें. मोबाइलच्या पडद्यावर जो तो आपल्या आवडीचें पाहतो. कोणापुढें काय यावें तें दूरदेशीं असलेल्या कंपनीचें यंत्र ठरवितें. त्यायोगें बोलणारे वाढले, पण एकत्र ऐकणारें गांव मिळालेंच असें नव्हे. उद्यां तार जाऊन दुसरें कांहीं येईल; तेव्हांहि हा प्रश्न उरेलच.

गारगोटीस डॉ. जे. पी. नाईक यांनीं १९५२ सालीं जें विद्यापीठ स्थापिलें, त्यास पाटगांवच्या मौनी महाराजांचें नांव आहे. साधूनें आपण होऊन धरलेलें मौन ही तपश्चर्या आहे. दुसऱ्याच्या सोयीसाठीं कोणावर पडलेलें मौन हा अन्याय आहे. दोन्हींचा बाह्य आकार एकच असल्यामुळें आपण शिकलेलीं माणसें दुसऱ्यासहि शांतता समजून चालतों. त्या रविवारीं मीहि तसाच चाललों. त्या बायकांचें चित्रण अद्याप माझ्या कपाटांत आहे. अर्ज कोठें करावयाचा, या प्रश्नाचें उत्तर द्यावयास मला पंधरा वर्षें लागलीं: तो जिल्ह्याच्या कचेरींत नव्हे, गांवच्या सभेंत करावयाचा होता, आणि त्यावर पहिली सही तिच्या प्राध्यापकाची असावयास हवी होती.