टाकलेले लोकेशन, काढलेले लोकेशन

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभागृहात सायबर सुरक्षेवर व्याख्यान झाले. वक्ते तरुण होते, तयारी चांगली होती आणि जे सांगत होते त्यातले बहुतेक बरोबरच होते. शेवटी त्यांनी पडद्यावर दोन रकाने दाखवले. डावीकडे ‘खरी’, उजवीकडे ‘खोटी’. इन्स्टाग्रामच्या नावावरून माणूस कुठे आहे ते सांगणारी, व्हॉट्सॲपच्या नंबरवरून नकाशा उघडणारी, फेसबुकच्या प्रोफाइलवरून पत्ता शोधून देणारी डझनभर ॲप्स उजव्या रकान्यात होती. ‘ही सगळी फसवणूक आहे, पैसे घालवू नका,’ ते म्हणाले. लोकांनी मोबाइल वर करून पडद्याचे फोटो काढले. मागच्या रांगेतून एका मुलाने विचारले, ‘सर, मग डावीकडच्यातलं चांगलं कोणतं?’ वक्त्यांनी दोन नावे सांगितली.

त्या प्रश्नाने, आणि प्रश्नापेक्षा त्या उत्तराने, मला अजून स्वस्थता नाही. सभागृहात कोणाला काही खटकले नाही. या विषयावर जिथे जिथे बोलले जाते तिथे चर्चा याच दोन रकान्यांत फिरते: ॲप चालते की चालत नाही. ज्या माणसाचे लोकेशन शोधायचे आहे, तो माणूस दोन्ही रकान्यांत कुठेच नसतो.

उजव्या रकान्याबद्दल वाद नाही. ही ॲप्स आणि संकेतस्थळे कशी चालतात ते एकदा नीट पाहावे. तुम्ही एखाद्या मुलीचे इन्स्टाग्रामवरचे नाव चौकटीत टाइप करता. लगेच तिचा फोटो दिसतो. तो तर खाते कुलूपबंद असले तरी कोणालाही दिसतो, पण तुम्हाला वाटते, सापडली. मग एक हिरवी पट्टी सरकत जाते, ‘उपग्रहाशी संपर्क’, ‘सर्व्हर सापडला’ अशी अक्षरे उमटतात, आणि शेवटी धूसर केलेला नकाशा येतो. तो स्पष्ट करायचा तर पैसे भरा, किंवा तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी अमुक ॲप उतरवा, तमुक पाहणी भरा. त्या प्रत्येक पाहणीमागे चालवणाऱ्याला दलाली मिळते. नकाशाच्या मागे काहीच नसते आणि असू शकतही नाही. फोन कुठे आहे हे फोनला उपग्रहावरून, टॉवरवरून, आसपासच्या वायफायवरून कळते, आणि ते दुसऱ्याला कळवायचे की नाही हे त्या फोनवर दिलेल्या परवानगीने ठरते. स्नॅपचॅटने २०१७ मध्ये नकाशा आणला, इन्स्टाग्रामने २०२५ मध्ये. पण त्यावर कोण कोणाला दिसेल हे खातेदार ठरवतो. बाहेरच्या ॲपला ती खिडकी उघडी नाही. मोबाइल नंबरवरून फार तर तो मुळात कोणत्या सर्कलमध्ये आणि कोणत्या कंपनीने दिला ते कळते. लिंक पाठवून, समोरच्याने ती उघडली की त्याचा आयपी पत्ता मिळवणारे लोक आहेत, पण मोबाइल इंटरनेटवर नांदेडमध्ये बसलेला माणूस त्या पत्त्यावरून मुंबईत दिसू शकतो. तेव्हा खोटी ही खोटीच.

माझा आक्षेप यानंतर सुरू होतो. ‘ही ॲप्स खोटी आहेत म्हणून घेऊ नका’ या वाक्यातला ‘म्हणून’ मला मान्य नाही. त्या शब्दाने ग्राहकाच्या तक्रारीला नीतीचा दर्जा मिळतो. पैसे दिले आणि वस्तू मिळाली नाही, एवढेच वाईट झाले असे तो सांगतो, म्हणजेच वस्तू मिळाली असती तर काही वाईट नव्हते असेही सांगतो. कोणी तक्रार घेऊन आला की मला विष म्हणून साखर विकली, तर आपण दुकानदाराला पकडू हे खरे. पण विष कोणासाठी हवे होते हे विचारल्याशिवाय त्या माणसाला घरी जाऊ देऊ का?

जागृतीचे काम करणारे यावर म्हणतील, लोकांना नीती शिकवणे आमचे काम नाही, त्यांचे पैसे वाचवणे आमचे काम आहे. तेवढे झाले तरी पुष्कळ झाले. हा युक्तिवाद मला दिसतो तितका निरुपद्रवी वाटत नाही, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो. एक तर पैसे वाचवण्याचा सल्ला देताना तुम्ही नीती शिकवतच असता. फसलेला कोण आणि निर्दोष कोण हे तुम्ही त्या दोन रकान्यांत आधीच ठरवलेले असते. दुसरे म्हणजे हा सल्ला स्वतःच्या हेतूलाही पुरत नाही. खोट्याला कंटाळलेला गिऱ्हाईक खऱ्याकडे वळतो. आमच्या सभागृहात तो पाच मिनिटांत वळला. आणि तिसरे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: खऱ्या ॲपमध्ये फसवणूक नसते असे नाही, फसणारा बदलतो. खोट्या ॲपमध्ये शोधणारा फसतो. खऱ्या ॲपमध्ये ज्याला शोधले जाते तो फसतो.

हे खरे ॲप कसे चालते? समोरच्याचा फोन काही मिनिटे हातात यावा लागतो, किंवा त्याच्या खात्याचा पासवर्ड ठाऊक असावा लागतो. बायको आंघोळीला गेलेली असताना, मैत्रीण चहा आणायला उठलेली असताना ते ॲप बसवले जाते, त्याचे चिन्ह लपवले जाते आणि नंतर तो फोन त्या माणसाची चाल दुसऱ्याच्या पडद्यावर पाठवत राहतो. दूर बसून नुसत्या नावावरून माग लागत नाही; जवळिकीचा गैरफायदा घेऊनच लागतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०२१ मध्ये स्पायफोन या कंपनीला आणि तिच्या प्रमुखाला पाळतीच्या धंद्यातूनच हद्दपार केले. ते ॲप चालत नव्हते अशी कोणाची तक्रार नव्हती. चालत होते, हीच तक्रार होती. पोलंडमधले लेटमीस्पाय २०२३ मध्ये हॅक झाले आणि ज्यांच्यावर पाळत होती त्यांचे संदेश, त्यांची ठिकाणे तिसऱ्याच कोणाच्या हाती गेली. नंतर ते बंदच पडले. वक्त्यांच्या कसोटीवर ही दोन्ही डाव्या रकान्यात बसली असती.

आपल्याकडचेही पाहा. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, बेकायदा विकल्याप्रकरणी खाजगी गुप्तहेरांना पकडले. अशा नोंदीत कोणता कॉल कोणत्या टॉवरवरून झाला तेही असते. पत्ता खरा होता, माल अस्सल होता. तो कोणा ॲपने हवेतून काढलेला नव्हता. सांभाळायला दिलेल्या वहीतून कोणीतरी उतरवून दिला होता. यातही ‘खरे की खोटे’ विचारून काय हाती लागते?

फोनच वापरू नका म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. रिक्षावाल्यापासून बँकेपर्यंत सगळे आता फोनवर आहे. आणि ‘लपवण्यासारखे नसेल त्याने घाबरू नये’ म्हणणाऱ्यांनी आपला फोन कुलूप काढून टेबलावर ठेवून बोलावे.

मग रकाने कोणते करावेत? मराठीत ते तयार आहेत, आपण रोज बोलतो. ‘जरा लोकेशन टाक ना’ असे आपण लग्नाच्या हॉलचा रस्ता चुकल्यावर म्हणतो. आणि ‘त्याचं लोकेशन काढ’ असे वेगळ्याच आवाजात म्हणतो. टाकणारा आपले स्वतःचे टाकतो. काढणारा नेहमी दुसऱ्याचे काढतो. माहिती काढणे, पत्ता काढणे, कुळी काढणे, उणीदुणी काढणे, या सगळ्या ‘काढण्या’त समोरचा माणूस बोलत नसतो, त्याच्याबद्दल बोलले जात असते. टाकलेले लोकेशन हे उत्तर असते आणि उत्तराला देणारा असतो. तो उशिरा देईल, अर्धे देईल, देणार नाही म्हणेल. ‘निघालोच’ असे घरातूनच सांगेल. ही शेवटची मुभा क्षुल्लक वाटते, पण माणसामाणसांतला बराचसा सलोखा तिच्यावर उभा आहे. काढलेल्या लोकेशनमध्ये नकार द्यायला जागाच नसते.

माग काढणे काही आजचे नाही, हे मी विसरलेलो नाही. चोरीचा माग ज्या गावच्या शिवेत जाऊन थांबे त्या गावाने तो पुढे काढून द्यावा, नाहीतर भरपाई करावी, ही गावगाड्याची रीत होती. पण तो माग दिवसाउजेडी, चार लोकांदेखत निघे, काढणाऱ्याचे नाव गावाला ठाऊक असे आणि आधी चोरी झालेली असावी लागे. आजचा काढणारा अंधारात असतो, आणि समोरच्याने काही केलेले असण्याचीही त्याला गरज नसते.

या भेदाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला एका जामिनाच्या प्रकरणात सापडले. फ्रँक व्हायटस हा नायजेरियन नागरिक अमली पदार्थांच्या खटल्यात २०१४ पासून अटकेत होता. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन देताना अट घातली की त्याने गूगल मॅप्सवर पिन टाकावी, म्हणजे तपास अधिकाऱ्याला तो कुठे आहे ते कळेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने गूगलकडूनच खुलासा मागवला. उत्तर आले की पिन शेअर करणे पूर्णपणे वापरणाऱ्याच्या हाती असते, तिच्यावरून त्याच्या फोनचा त्या त्या क्षणी माग ठेवता येत नाही. म्हणजे आमच्या वक्त्यांच्या भाषेत ही अट उजव्या रकान्यातली होती. ती निरुपयोगी आहे एवढे म्हणून न्यायालयाला थांबता आले असते. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी ८ जुलै २०२४ च्या निकालात ती निरर्थक आहे असे म्हटलेच, पण पुढे हेही सांगितले की जामिनावरील माणसाच्या प्रत्येक हालचालीवर तंत्रज्ञानाने किंवा अन्य मार्गाने नजर ठेवू देणारी कोणतीही अट अनुच्छेद २१ मधील खाजगीपणाच्या हक्काचा भंग करते. खाजगीपणाला मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचे गोडवे पुष्कळांनी गायले. त्याचा अर्थ रस्त्यावरच्या भाषेत मला या निकालात कळला. चालत नाही हे एक उत्तर झाले. चालले असते तरी नको, हे दुसरे. आरोपीला जे संरक्षण मिळाले ते आपण बायकोला, मुलीला, दुरावलेल्या मैत्रिणीला का देत नाही?

इथे कोणीही विचारेल, मग रात्रीच्या शेवटच्या लोकलने विरारला येणाऱ्या मुलीने घरी लोकेशन पाठवू नये का? जरूर पाठवावे. विसरभोळे झालेले वडील फिरायला जातात, त्यांच्या खिशात त्यांना सांगून फोन चालू ठेवावा. मी सहज बोलत नाही. माझ्या घरी दोन्ही होते. व्हॉट्सॲपचे लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास चालते आणि मग आपोआप बंद होते, हे मला त्यातले सर्वांत समंजस अंग वाटते. ते पुन्हा टाकावे लागते, आणि दर वेळी टाकणारा माणूस हजर असतो. याउलट लाइफ३६० सारखे कुटुंबासाठीचे ॲप चोवीस तास चालू राहते. डिसेंबर २०२१ मध्ये द मार्कअप या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने दाखवून दिले की ही कंपनी कुटुंबांच्या ठिकाणांची माहिती दलालांना विकत होती. त्यानंतर कंपनीने नेमके ठिकाण विकणे थांबवत असल्याचे जाहीर केले. पण विक्री थांबली तरी माझा प्रश्न उरतोच. घरातल्या घरात टाकलेले लोकेशन काढलेले कधी होते? माझ्या मते ज्या दिवशी ते बंद केल्यावर ‘का बंद केलं होतंस?’ असे विचारले जाते, त्या दिवशी. त्या क्षणापासून परवानगी उरत नाही, हजेरी उरते. काळजी आणि पहारा यांत तेवढेच अंतर आहे, आणि घरातले लोक ते फार लवकर ओलांडतात.

व्याख्यान संपल्यावर तो मुलगा जिन्यात भेटला. कोणाचे लोकेशन हवे होते, असे मी विचारले. वर्गातली एक मुलगी, तो म्हणाला, मेसेजला उत्तर देत नाही. तिला विचारले का? विचारले होते, तिने ब्लॉक केले. म्हणजे उत्तर आले होते. तो मुलगा दुष्ट नाही, हे मी पूर्ण विश्वासाने सांगतो. त्याने आदल्या आठवड्यात चारशे नव्व्याण्णव रुपये घालवले होते आणि ते परत मिळतील का, अशी त्याला चिंता होती. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, मी सांगितले. तेही बरोबरच होते.

तिथे फोन केला की रक्कम विचारतात, व्यवहाराचा क्रमांक विचारतात, तारीख आणि बँक विचारतात. त्या ॲपच्या चौकटीत त्याने कोणाचे नाव टाइप केले होते, हे त्या तक्रारीत कुठेच येणार नव्हते. त्या मुलीलाही ते कोणी कळवणार नव्हते.