रकाने भरले, चेहरा राहिला

३० जुलै २००७. उत्तर लंडनच्या हॅरिंगे कौन्सिलची एक सामाजिक कार्यकर्ती बालसंरक्षण यादीतल्या एका मुलाला बघायला त्याच्या घरी गेली. मुलगा बाबागाडीत बसलेला होता आणि त्याच्या तोंडाला, हातांना चॉकलेट माखलेलं होतं. तिने तोंड पुसून आणायला सांगितलं. त्याला आत नेलं गेलं, पण पुसलेला चेहरा तिला बघायला मिळालाच नाही. त्या चॉकलेटखाली माराचे वळ होते. ३ ऑगस्टला तो गेला. वय १७ महिने, अंगावर ५० हून अधिक जखमा. ब्रिटनमध्ये हे मूल ‘बेबी पी’ म्हणून ओळखलं जातं. त्याच्या शेवटच्या आठ महिन्यांत कार्यकर्ते, परिचारिका, डॉक्टर, पोलीस अशा कुणा ना कुणाशी त्याचा जवळजवळ ६० वेळा संबंध आला होता.

त्यानंतर काही महिन्यांतच ‘ऑफस्टेड’ या सरकारी तपासणी संस्थेने हॅरिंगेच्या बालसेवांना वार्षिक मूल्यमापनात शेरा दिला : चांगल्या.

हे मूल्यमापन मुख्यतः टेबलावर झालं होतं. किती प्रकरणं मुदतीत हातावेगळी झाली, किती मुलांना कार्यकर्ता नेमला, किती आढावा बैठका झाल्या, ही माहिती कौन्सिलने पाठवायची आणि ऑफस्टेडने ती वाचून श्रेणी द्यायची. डिसेंबर २००८ मध्ये संस्थेच्या प्रमुख ख्रिस्टीन गिल्बर्ट यांनी खासदारांच्या समितीपुढे सांगितलं, की हॅरिंगेने पुरवलेली माहिती दिशाभूल करणारी होती. ते खरं असेलही. पण परीक्षार्थ्यानेच लिहून आणलेल्या गुणपत्रिकेवर सही करणाऱ्या परीक्षकाला नंतर फसवणुकीची तक्रार करता येते का? शिवाय हॅरिंगे काही अनोळखी नाव नव्हतं. २००० साली आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिम्बिए छळामुळे मेली, तिचं प्रकरणही ज्या यंत्रणांच्या हातात होतं त्यांत हेच कौन्सिल होतं. त्या चौकशीत लॉर्ड लेमिंग यांनी २००३ मध्ये १०८ शिफारशी केल्या होत्या.

त्या शिफारशींनंतर नियम वाढले आणि संगणकावरचे अर्जही वाढले. प्राथमिक मूल्यांकन कामाच्या ७ दिवसांत, सखोल मूल्यांकन ३५ दिवसांत, या मुदती तर आधीपासूनच होत्या. मुदत पाळली की आकडा सुधारायचा, आकडा सुधारला की श्रेणी सुधारायची. घरी जाऊन मुलाशी घटकाभर बोलत बसलेल्या कार्यकर्तीचा वेळ मात्र कुठल्याच रकान्यात बसायचा नाही, उलट तिचे अर्ज तुंबायचे. प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी २०११ च्या अहवालात याच दुखण्यावर बोट ठेवलं. कार्यपद्धती पाळली गेली का, एवढंच बघणारी यंत्रणा मुलाचं बरं झालं का, हे विचारायचं विसरते, असं त्यांचं निदान होतं.

प्रौढांच्या बाबतीत गोष्ट आणखी अवघड, कारण प्रौढ माणसाला नाही म्हणण्याचा हक्क असतो. कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेलचा स्टीव्हन हॉस्किन बौद्धिक अक्षमता असलेला, एकटा राहणारा. २००५ मध्ये त्याने कौन्सिलची साप्ताहिक मदत नको म्हणून सांगितलं. कौन्सिलने ते मान्य करून फाइल बंद केली. त्याच्या खोलीत ठाण मांडून बसलेली टोळी त्याला लुबाडत आणि छळत होती. जुलै २००६ मध्ये रेल्वेच्या उंच पुलावरून पडून त्याचा जीव गेला. तिथवर त्या टोळीनेच त्याला नेलं होतं. आता ही बंद फाइल कागदावर कशी दिसते? माणसाच्या इच्छेचा मान राखला, प्रकरण निकाली. नकार कुणाच्या दबावाखाली दिला गेला, हे विचारायला कुणीतरी दार ठोठावायला हवं होतं.

मूल्यमापनात एक दुसरा घोळही असतो : त्याचं रूपांतर शिक्षेत फार झटकन होतं. डिसेंबर २००८ मध्ये मंत्री एड बॉल्स यांनी हॅरिंगेच्या बालसेवा प्रमुख शॅरन शूस्मिथ यांना पत्रकार परिषदेतूनच पदावरून दूर केलं. २०११ मध्ये अपील न्यायालयाने ती कारवाई बेकायदा ठरवली, कारण त्यांना बाजू मांडायची धड संधीच मिळाली नव्हती. दरम्यान देशभरातल्या कौन्सिलांनी धसका घेतला आणि मुलांना घरातून काढून घेण्यासाठीचे न्यायालयीन अर्ज एकाएकी वाढले. त्यांतले काही नक्कीच गरजेचे होते. काहींमागे उद्या आपलं नाव पेपरात येईल ही भीती असणार. भीतीपोटी उचललेल्या मुलाचा हिशेब कोण ठेवतो?

२०१८ पासून ऑफस्टेडची पद्धत बदलली आहे. तपासनीस कार्यकर्त्याच्या शेजारी बसतात, एकेक प्रकरण उघडतात आणि या मुलाबद्दल तुला काय माहीत आहे, असं विचारतात. हॅरिंगेला २०२३ मध्ये याच रीतीने ‘चांगली’ ही श्रेणी मिळाली. पूर्वीच्या शेऱ्यापेक्षा ती जास्त विश्वासाची, एवढं म्हणायला हरकत नाही.

प्रौढ सेवांच्या वाट्याला मात्र २०१० नंतर बरीच वर्षं बाहेरची नियमित तपासणीच आली नाही. २०२३ मध्ये ‘केअर क्वालिटी कमिशन’ने ती सुरू केली, आणि पुढच्याच वर्षी डॉ. पेनी डॅश यांनी सरकारच्या सांगण्यावरून या कमिशनचाच आढावा घेतला. त्यात एका वृद्धाश्रमाच्या तपासनिसाचा उल्लेख आहे. स्मृतिभ्रंश झालेला माणूस त्याने तोवर कधी पाहिलेलाच नव्हता. इंग्लंडमधल्या १५३ कौन्सिलांच्या प्रौढ सेवांना श्रेणी देण्याचं काम याच कमिशनकडे आहे.