उघडं करणं आणि उघडं पडणं

बाईचं उघडं शरीर पडद्यावर आलं की आपले शहाणे लोक एकच विचारतात, किती उघडं? कुणी उघडं केलं, हे कुणी विचारत नाही. सगळा घोळ तिथंच आहे.

१९५९ साली अमेरिकेत स्टॅन ब्रॅकेजनं आपल्या बायकोच्या बाळंतपणाचा सिनेमा काढला. ‘विंडो वॉटर बेबी मूव्हिंग’. मूक, १६ मिलिमीटरच्या फिल्मवर. सिनेमा मोठा आहे, वाद नाही. मधे थोडा वेळ कॅमेरा बायकोच्याही हातात गेला, तिनं नवऱ्याचा चेहरा टिपला. पण कापणं-जोडणं त्याचं, नावही त्याचं. कॅरोली श्नीमन ही चित्रकार बाई त्याची मैत्रीण. ती आणि तिचा जोडीदार जेम्स टेनी ब्रॅकेजच्या सिनेमांत दिसलेले. त्यात दिसणारी बाई आपण नव्हेच, असं तिला वाटलं. मग १९६४ पासून तिनंच उसना बोलेक्स घेतला. चावीचा कॅमेरा, एकदा चावी दिली की जेमतेम अर्धा मिनिट चालतो. तो खोलीत ठेवून तिनं आपला नि टेनीचा संग टिपला. खोलीत तिसरं कुणी नाही, एक मांजर सोडून. वर फिल्म रंगवली, ओरखडली, भाजली. तीन वर्षांनी ‘फ्युजेस’ तयार झाला.

आता कुणी म्हणेल, शरीर ते शरीरच, मग फरक कसला? फरक आहे. विकाऊ सिनेमात बघणारा बाहेर उभा असतो, अंगावर कपडे घालून. इथं बघणारी त्याच अंथरुणात आहे. इभ्रत जायची तर तिचीही जाणार आहे.

पण हात बदलला की न्याय झाला, हे मला पटत नाही. आपलं उघडं करताना माणूस एकटा उघडा होत नसतो. त्या अंथरुणात टेनीही आहे. तो राजी होता, म्हणून तिथं भागलं. जो राजी-नाराजी सांगूच शकत नाही, त्याचं काय?

हा पेच मॅसॅच्युसेट्सच्या ॲन शार्लट रॉबर्टसनपाशी खरा अंगावर येतो. १९८१ च्या नोव्हेंबरात तिनं सुपर ८ फिल्मवर रोजनिशी धरली. नाव ‘फाइव्ह इयर डायरी’. पाचाची सोळा वर्षं झाली, १९९७ पर्यंत चालली. ऐंशीच्या वर रिळं, छत्तीसेक तास. सुपर ८ ही कोडॅकनं १९६५ मध्ये घरगुती हौसेसाठी काढलेली फिल्म. पन्नास फुटांची डबी, साडेतीन मिनिटांच्या आत खलास. वाढदिवस, सहल, पोरांचं रांगणं टिपायला. तिला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच प्रोजेक्टरमधून जाते आणि दर खेळाला थोडी झिजते. आपलं स्टेन्सिल प्रती काढता काढता फाटतं, तशातलीच गत समजा.

असल्या हौशी फिल्मवर या बाईनं काय घेतलं? वाढणारं वजन, परसातली भाजी, एका इंग्रज नटावरचं वर्षानुवर्षांचं एकतर्फी प्रेम, मनाचा आजार, इस्पितळाच्या वाऱ्या. ‘वेडी आहे, तिला काय कळतंय’ म्हणणारे तिथंही असणारच. पण इस्पितळात तिच्याविषयी डॉक्टर लिहितो आणि तो कागद तिच्या नावानं कायम राहतो. आपल्याविषयी दुसऱ्यानं लिहिलेला कागद काय असतो, हे तुम्हाला-आम्हाला सांगायला नको. तिनं त्या कागदासमोर स्वतःचा कागद उभा केला. याला निर्लज्जपणा म्हणणाऱ्यानं आधी तो पहिला कागद फाडून दाखवावा.

मात्र त्या रिळांत घरचे लोकही आहेत. ८० व्या रिळाचं नावच ‘एमिली डाइड’. एमिली ही तिची लहानगी भाची, १९९४ साली वारली. त्या पोरीला कोण विचारणार होतं?

माझ्या लेखी इथं एका गोष्टीला वजन आहे. रॉबर्टसन खेळाला स्वतः हजर राहायची. फिल्मवरचा आवाज, टेपवरचा आवाज, त्यावर ती स्वतः बोलायची. तिन्ही आवाज एकात एक मिसळायचे. कुणाला राग आला तर समोर जितीजागती बाई होती, तिला तिथंच गाठता येत होतं. ब्रॅकेजची कला मोठी असेल, पण दुसऱ्याला उघडं करण्याची परवानगी कलेच्या मोठेपणातून निघत नाही. निघालीच तर अशा जागेवर उभं राहण्यातून थोडीफार निघते. तीही पुरती नाही.

२०१२ साली ती वारली. रिळं हार्वर्ड फिल्म आर्काइव्हमध्ये आहेत. तिथं त्यांची निगा राखली जाते, खेळही होतात. टेपवरचा आवाज आहे, पण त्याला कुणी उलट प्रश्न विचारू शकत नाही. तरी ती पेटीत बंद करावीत, असं मी म्हणणार नाही; बाईनं एवढं कष्टानं केलेलं पुन्हा झाकलं तर डॉक्टरचाच कागद उरतो. फक्त ८० वं रीळ लागलं की दिवे विझण्याआधी कुणीतरी उठून सांगावं, की यातल्या पोरीला विचारलेलं नव्हतं. मग ज्याला बसायचं त्यानं बसावं.