अतिशयोक्ती अलंकार आणि हळद

चौतीस वर्षे मी हिंगोलीतल्या पोरांना अतिशयोक्ती अलंकार शिकवला. तो परीक्षेत दोन गुणांना असतो, एवढीच माझी समजूत होती. त्यावर दुकानही चालते, हे निवृत्तीनंतर भाच्याने शिकवले.

भाच्याचा वसमतला हळदीचा छोटा कारखाना आहे. एके दिवशी तो आला आणि म्हणाला, "मामा, वेबसाइट काढायलो. मजकूर तुम्हीच लिहा."

मी लिहिले: 'आमच्याकडे हळद मिळते. ती चांगली असते.'

"मामा, ही जाहिरात आहे का कबुलीजबाब?"

मग मी मास्तरकीला जागून सविस्तर लिहिले. मे-जूनमध्ये लावलेली हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. ती उकडतात, वाळवतात, ढोलात फिरवून चकाकी आणतात. पाच किलो ओल्या हळदीची जेमतेम किलोभर वाळलेली हळद होते. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही घातले.

"यातलं एक अक्षर खोटं नाही," मी छाती काढून म्हणालो.

"म्हणूनच कुणी वाचणार नाही," भाचा म्हणाला. शिवाय 'घरगुती हळद' हे शब्द पाच वेळा आले पाहिजेत, म्हणजे गूगलला दुकान सापडते, असे त्याचे म्हणणे. गूगलने पुनरुक्तिदोषाचा धडा ऑप्शनला टाकलेला दिसतो.

मग मी विशेषणे सोडली. हळद 'सोनेरी' झाली, तिला 'मातीचा श्वास' आला, आजीच्या जात्याची आठवण आली. मनाला काही टोचले नाही, हे कबूल करतो. चेहऱ्याला चंद्र म्हटले म्हणून तिथे कुणी यान उतरवायला जात नाही. बोलणारा फुगवतो आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, आणि त्याला ते ठाऊक आहे हे बोलणाऱ्याला. दोघांच्या संमतीने चाललेल्या गोष्टीला खोटे कसे म्हणायचे?

इथवर ठीक होते. पण भाचा म्हणाला, "आता ग्राहकांचे अभिप्राय. बारा तरी पाहिजेत."

"ग्राहक किती झाले?"

"अजून एकबी नाही. म्हणून तर तुम्हाला सांगायलो."

तुम्ही म्हणाल, मास्तर, तिथेच उठायला हवे होते. पण तीस वर्षे माझ्या कथा संपादकांकडून साभार परत येत होत्या. इथे बारा पात्रे एका बैठकीत प्रसिद्ध होणार होती! परभणीच्या एका निवृत्त तहसीलदाराचे गुडघे मी बरे केले. नांदेडच्या सौ. के. पी. यांनी लिहिले: 'रोज रात्री हळदीचे दूध घेते. दोन महिन्यांत साखर आटोक्यात. गोळ्या बंद!' त्या उद्गारचिन्हावर मी विशेष खूश होतो.

महिन्याभराने सेनगावला अक्काकडे गेलो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, भाच्याची आई. मला चहा, तिला पिवळे दूध. फळीवर गोळ्यांची पाकिटे न फोडलेली.

"अक्का, गोळ्या?"

"सोडल्या. नातवानं मोबाइलवर वाचून दाखवलं. नांदेडच्या एका बाईची साखर गेली."

"असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये, अक्का."

"दुसऱ्याच्या दुकानाचं असतं तर ठेवला नसता. आपल्या पोराच्या दुकानात खोटं कशाला लिहितील?"

माझा चहा घशातच अडकला. शेवटी म्हणालो, "अक्का, ती नांदेडची बाई मी आहे."

तिने मला नीट न्याहाळले. "तुला साखर कधी झाली रे?"

समजायला तिला थोडा वेळ लागला. मग ती एवढेच म्हणाली, "आणि तहसीलदाराचे गुडघे?"

"तेही मीच."

दुसऱ्या दिवशी हिंगोलीला आणून रक्त तपासले. साखर तीनशेच्या वर होती. "वेळेवर आणलंत," डॉक्टर मला म्हणाले. हा अभिप्राय मात्र मी कुठे छापला नाही.

संत नामदेवांचे जन्मस्थान मानतात ते नर्सी आमच्याच जिल्ह्यात. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही गोष्ट मी वर्गात कितीदा तरी सांगितली असेल. मग नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. लक्षात घ्या, हा वाईट अभिप्राय होता आणि तो नामदेवांच्याच भक्तांनी शतकानुशतके जपला, खोडला नाही.

मडके घेताना आपण टिचकी मारून बघतो. मोबाइलमधल्या मडक्याला टिचकी मारता येत नाही. म्हणून आधी ज्याने मारली, त्याच्या शब्दावर आपण विसंबतो. विशेषणे लिहिताना मी मडके रंगवत होतो. रंग दिसतो, गिऱ्हाईक त्याचा हिशेब करते. अभिप्राय लिहिताना मात्र मी टिचकीचा आवाज तोंडाने काढला. पहिला अलंकार आहे, दुसरी खोटी साक्ष. चौतीस वर्षांत हा फरक एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही आणि मलाही सुचला नाही.

अशा अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने 2022 साली मानक काढले, हे भाच्याने मागाहून शोधले. "पण मामा, काढलं तेव्हा ते ऐच्छिक होतं," तो म्हणाला. अक्का ऐच्छिक नव्हती, हे त्याला सांगावे लागले नाही. त्याच रात्री त्याने बाराही जण काढून टाकले.

दीड महिना ती जागा रिकामी राहिली. मग पहिला खरा अभिप्राय आला. तीन तारे: 'हळद बरी आहे. पाकीट फाटून आले.'

भाच्याचा फोन आला, आवाज पडलेला. "मामा, हा काढून टाकू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "पाकीट बदल."